लॉग टेबल कोणी तयार केले?

बारावीच्या भौतिकशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेवर एक सूचना असते. गणकयंत्र वापरायचे नाही, लॉग टेबल वापरले तरी चालेल. त्यामुळे घराघरांत मोबाइल फोन आले तरी लॉग टेबलचे ते पातळ पुस्तक विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याच्या दप्तरात अजून टिकून आहे.

काही वर्षांपूर्वी एका कनिष्ठ महाविद्यालयात आम्ही हे पुस्तक कसे पाहायचे ते शिकवत होतो. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, हे सगळे आकडे कोणी काढले? आणि ते बरोबर आहेत हे कशावरून?" पहिल्या प्रश्नावर आम्ही नेपियरचे नाव सांगितले. दुसऱ्यावर म्हणालो, "छापील आहेत, म्हणजे बरोबरच असणार." मुलगी खाली बसली. तास संपला. पण आपण दिलेले उत्तर अगदीच कच्चे होते, ही बोच मनात राहिली.

पुढे त्या उत्तराच्या शोधात निघालो तेव्हा संगणकाच्या इतिहासातच जाऊन पोहोचलो. संगणकाचा जन्म चुकांच्या भीतीतून झाला आहे, आणि त्या चुका याच कोष्टकांतल्या होत्या. ती हकीकत येथे सांगत आहोत.

कॉम्प्युटर म्हणजे माणूस

'कॉम्प्युटर' हा शब्द आज यंत्राला लागतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मात्र तो माणसाला लागत असे. आकडेमोड करण्याची नोकरी करणारा तो कॉम्प्युटर. आपल्याकडेही 'गणक' म्हणजे ग्रहगणित करणारा ज्योतिषी. यंत्राने माणसाचे काम घेतले आणि त्याबरोबर त्याचे नावही घेतले.

स्कॉटलंडमधील जॉन नेपियर याने लॉगरिदमवरचा आपला ग्रंथ १६१४ साली प्रसिद्ध केला. लंडनचा भूमितीचा प्राध्यापक हेन्री ब्रिग्ज तो वाचून इतका भारावला की पुढच्याच वर्षी नेपियरला भेटायला थेट एडिंबरोला गेला. १० हा पाया धरावा म्हणजे व्यवहारात सोपे पडेल, असे दोघांचे ठरले. १६२४ मध्ये ब्रिग्जने १ ते २०,००० आणि ९०,००० ते १,००,००० या संख्यांचे लॉगरिदम १४ दशांश स्थळांपर्यंत छापले. मधली मोठी फट हॉलंडच्या आद्रियान व्लाकने १६२८ मध्ये १० स्थळांपर्यंत भरून काढली. हे सगळे कागद, लेखणी आणि दिव्याच्या उजेडात झाले. पुढची दोन-अडीचशे वर्षे छापली गेलेली बहुतेक कोष्टके या दोघांच्या कामावरच उभी होती.

फक्त बेरीज पुरते

एवढी आकडेमोड करण्याची एक युक्ती आहे. ती वर्गात दहा मिनिटांत दाखवता येते. फळ्यावर n² + n + ४१ हे सूत्र लिहा आणि n च्या जागी ०, १, २, ३... घालून किमती काढा.

४१, ४३, ४७, ५३, ६१, ७१, ८३

आता शेजारच्या संख्यांमधील फरक खाली लिहा.

२, ४, ६, ८, १०, १२

या फरकांचेही फरक काढा.

२, २, २, २, २

तिसऱ्या ओळीत सगळीकडे २. आता सूत्र पुसून टाका आणि पुढची किंमत काढायला सांगा. शेवटचा फरक १२ अधिक २ म्हणजे १४, आणि ८३ अधिक १४ म्हणजे ९७. सूत्रात n = ७ घालून पडताळा, ९७ च येतील. गुणाकाराची गरजच पडली नाही. ज्याला बेरजेखेरीज काहीही येत नाही, त्यालाही हे कोष्टक हवे तेवढे लांबवता येईल.

लॉगरिदमचे फरक असे अगदी सारखे येत नाहीत, पण लहान अंतरात जवळजवळ सारखे येतात. लॉग टेबल उघडून पाहा. २.००, २.०१, २.०२, २.०३, २.०४ यांच्यापुढे ३०१०, ३०३२, ३०५४, ३०७५, ३०९६ असे आकडे आहेत. त्यांचे फरक २२, २२, २१, २१. पानाच्या उजवीकडे जे मध्यम फरकांचे रकाने असतात, ते याच गोष्टीवर चालतात. विद्यार्थी ते रोज वापरतात, पण ते तिथे का आहेत हे त्यांना सहसा कोणी सांगत नाही.

युक्ती जुनी आहे. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये 'आर्यभटीय' या ग्रंथात ज्या (म्हणजे आजच्या भाषेत त्रिज्येने गुणलेले साइन) सांगितल्या, त्यासुद्धा किमतींच्या रूपात नाहीत, फरकांच्या रूपात आहेत. ३ अंश ४५ कलांच्या टप्प्याने २४ फरक दिले आहेत. पहिले आठ असे: २२५, २२४, २२२, २१९, २१५, २१०, २०५, १९९. त्रिज्या ३४३८ धरलेली आहे. मुलांना ही बेरीज करू द्या. आठव्या टप्प्यावर, म्हणजे बरोबर ३० अंशांवर, १७१९ येतात. ३४३८ च्या निम्मे! साइन ३० म्हणजे अर्धा, हे केवळ बेरजा करत वर्गात हाती येते तेव्हा मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होतात.

टाचण्यांचा कारखाना, आकड्यांचा कारखाना

१७९० च्या दशकात फ्रान्समध्ये राज्यक्रांतीनंतरच्या सरकारने सर्व मापे दशमान करायला घेतली. काटकोनाचेसुद्धा ९० ऐवजी १०० भाग करायचे ठरले. म्हणजे त्रिकोणमितीची सगळी कोष्टके नव्याने करणे आले. हे काम गास्पार द प्रोनी या अभियंत्यावर सोपवले गेले. त्याच्या जोडीला १ ते २,००,००० या संख्यांचे लॉगरिदमही करायचे होते.

एका माणसाच्या आयुष्यात हे होणे शक्य नव्हते. द प्रोनीने अ‍ॅडम स्मिथचा अर्थशास्त्रावरचा १७७६ सालचा ग्रंथ वाचला होता. त्यात टाचण्यांच्या कारखान्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. एक जण तार ओढतो, दुसरा सरळ करतो, तिसरा कापतो, चौथा टोक काढतो, आणि अशी दहा माणसे दिवसाला ४८,००० टाचण्या करतात. द प्रोनीने ठरवले की आकडेही टाचण्यांसारखेच तयार करायचे.

त्याने कामाचे तीन थर केले. वरच्या थरात मोजके गणिती. त्यांनी कोणते सूत्र वापरायचे ते ठरवावे. मधल्या थरात सात-आठ कुशल गणक. त्यांनी ठरावीक अंतरांवरच्या किमती आणि सुरुवातीचे फरक काढून, आखलेल्या कागदांवर मांडून द्यावेत. खालच्या थरात साठ ते ऐंशी माणसे. त्यांनी फक्त बेरीज-वजाबाकी करत रकाने भरावेत. भरलेला कागद परत आला की शेवटची किंमत मधल्या थराने आधीच काढलेल्या किमतीशी जुळते का ते पाहायचे. जुळली तर मधले सगळे बहुधा बरोबर. शिवाय सगळे काम दोनदा, वेगवेगळ्या हातांनी करायचे आणि ताडून पाहायचे.

चार्ल्स बॅबेजने १८३२ मध्ये याबद्दल एक मजेदार गोष्ट नोंदवली आहे. खालच्या थरातल्या बहुतेकांना बेरीज-वजाबाकीपलीकडे गणित येत नव्हते, आणि अधिक शिकलेल्यांपेक्षा त्यांचेच आकडे जास्त बिनचूक येत. ज्याला पुढचे कळते तो मध्येच आपले डोके चालवतो, ज्याला कळत नाही तो सांगितले तेवढेच नेमाने करतो. जे काम विचार न करताच चांगले होते, ते माणसाने तरी का करावे, असा प्रश्न इथून फार लांब नाही.

उत्तरपत्रिकांतली कॉपी

दोन उत्तरपत्रिकांत बरोबर उत्तरे सारखी असली तर आपण काही म्हणत नाही. पण दोघांची चूक एकच असली की परीक्षकाची भुवई वर जाते. बॅबेजने कोष्टकांच्या बाबतीत नेमके हेच केले.

त्याच्याकडे लॉगरिदमची पुष्कळ पुस्तके होती. ती ताडून पाहताना त्याला दिसले की व्लाकच्या १६२८ सालच्या कोष्टकातील काही चुका पुढच्या कितीतरी पुस्तकांत जशाच्या तशा उतरल्या आहेत. त्यानंतर लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ग्रंथालयातले चिनी भाषेतील लॉगरिदमचे एक पुस्तक त्याने तपासले. त्यातही व्लाकच्याच सहा चुका निघाल्या. म्हणजे ते कोष्टक स्वतंत्रपणे काढलेले नव्हते, व्लाकवरून उतरवलेले होते. १८२७ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले. एकच आकडा दहा पुस्तकांत सापडला म्हणजे दहा साक्षीदार झाले असे नाही. दहाही जणांनी एकाचेच ऐकले असेल तर साक्षीदार एकच.

चुका किती असत? १८३४ मध्ये डायोनिसियस लार्डनर या विज्ञानलेखकाने सहज हाती आलेल्या ४० कोष्टक-पुस्तकांतील शुद्धिपत्रे मोजली, तर कबूल केलेल्या चुकाच सुमारे ३,७०० भरल्या. काही चुका आकडेमोडीतल्या, काही उतरवून घेतानाच्या, काही छापखान्यात खिळे जुळवतानाच्या. समुद्रावर जहाजाची जागा ठरवणारा खलाशी याच पुस्तकांवर विसंबून असे. परीक्षेत चुकलेल्या आकड्याने गुण जातो, समुद्रात चुकलेल्या आकड्याने जहाज खडकावर जाते.

वाफेवर चालणारी बेरीज

१८२१ मध्ये बॅबेज आणि त्याचा मित्र जॉन हर्शेल खगोलशास्त्रीय कोष्टके तपासायला बसले होते. दोन गणकांनी वेगवेगळे केलेले काम ताडून पाहायचे होते. चुकांमागून चुका निघू लागल्या. ही आकडेमोड वाफेच्या यंत्राने झाली असती तर किती बरे, असे उद्गार वैतागलेल्या बॅबेजने काढले. पुढच्याच वर्षी त्याने एक लहान नमुना करून दाखवला. त्यात n² + n + ४१ चे कोष्टक निघे, म्हणजे वर आपण फळ्यावर केले तेच.

यंत्राचे तत्त्व साधे आहे. दात्यांच्या चाकांचे उभे खांब असतात आणि प्रत्येक चाकावर ० ते ९ अंक. एका खांबावर किंमत, शेजारच्यावर पहिला फरक, त्याशेजारी दुसरा फरक. दांडा फिरवला की एका खांबावरची संख्या शेजारच्या खांबात मिळवली जाते. निघालेला आकडा यंत्रानेच ठशात उमटवावा, म्हणजे उतरवण्याची आणि जुळवण्याची चूकही टळेल, असा बॅबेजचा आग्रह होता. द प्रोनीच्या खालच्या थरातील साठ-ऐंशी माणसांची जागा हे 'डिफरन्स इंजिन' घेणार होते.

ब्रिटिश सरकारने १८२३ पासून पैसे दिले. एकूण सुमारे १७,००० पौंड खर्च झाले, पण यंत्र पुरे झाले नाही. कारागिराशी पैशांवरून वाद झाला, १८३३ मध्ये काम थांबले, आणि १८४२ मध्ये सरकारने नाद सोडला. पुढे १८४७ ते १८४९ या काळात बॅबेजने अधिक सुटसुटीत असा दुसरा आराखडा काढला. तोही कागदावरच राहिला. स्वीडनमधील शॉइट्झ पितापुत्रांनी मात्र त्याच्या कल्पनेवरून १८५३ मध्ये चालते यंत्र बांधून दाखवले.

बॅबेजचे यंत्र खरोखर चालले असते का? लंडनच्या सायन्स म्युझियमने त्याच्या जन्माच्या द्विशताब्दीला, १९९१ मध्ये, त्या दुसऱ्या आराखड्यावरून यंत्र बांधले. ते चालले. ३१ अंकी संख्या, सात पातळ्यांचे फरक, सगळे अचूक. छपाईचा भाग २००२ मध्ये जोडला गेला. तेव्हा एकूण सुट्या भागांची संख्या सुमारे ८,००० आणि वजन पाच टन झाले. म्हणजे कल्पनेत खोट नव्हती.

मागाकडून घेतलेला धडा

डिफरन्स इंजिन एकच काम करी. १८३४ च्या सुमारास बॅबेजच्या मनात त्याहून मोठी गोष्ट आली. सांगू ते गणित करणारे यंत्र. त्यात संख्या साठवण्यासाठी 'कोठार' होते आणि क्रिया करण्यासाठी 'गिरणी' होती. कोणती क्रिया केव्हा करायची हे भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवरून कळणार होते. ही कार्डे जाकार या फ्रेंच विणकराच्या १८०४ सालच्या मागावरून घेतली होती. इचलकरंजीसारख्या यंत्रमागाच्या गावातील विद्यार्थ्यांना 'जेकार्ड' हा शब्द घरचाच असेल. कार्ड बदलले की तोच माग वेगळी नक्षी विणतो.

या 'अ‍ॅनालिटिकल इंजिन'वर एडा लव्हलेस हिने १८४३ मध्ये विस्तृत टिपा लिहिल्या. बर्नुली संख्या काढण्यासाठी यंत्राला कोणत्या क्रमाने सूचना द्याव्या लागतील, याची तपशीलवार सारणी त्यांत आहे. तिने आणखी एक इशारा देऊन ठेवला. हे यंत्र स्वतःहून काही निर्माण करत नाही, जे कसे करायचे हे आपल्याला माहीत आहे तेच आपण त्याच्याकडून करवून घेऊ शकतो.

यंत्र बांधले गेले नाही. माणसे आकडेमोड करतच राहिली. १९३८ मध्ये, मंदीच्या काळात, न्यूयॉर्कमध्ये बेकारांना काम देण्यासाठी कोष्टके करण्याचा प्रकल्प निघाला. गर्ट्रूड ब्लँच या गणितीने शेकडो माणसांना एकेकच क्रिया वाटून दिली, अगदी द प्रोनीच्या पद्धतीने. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत तोफांच्या माऱ्याची कोष्टके करणाऱ्या गणकांमध्ये तरुण स्त्रियांचा भरणा होता. तोफगोळ्याचा एक मार्ग काढायला माणसाला सुमारे २० तास लागत. याच कोष्टकांसाठी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात 'एनियाक' हे सुमारे १८,००० व्हॉल्व्हचे यंत्र बांधले गेले. १९४६ मध्ये ते जगासमोर आले, आणि २० तासांचे काम ३० सेकंदांवर आले. त्याला सूचना देण्याचे काम आधी गणक असलेल्या सहा तरुणींनी केले. के मॅकनल्टी आणि बेटी जेनिंग्ज त्यांपैकीच.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला संगणक १९६० मध्ये कामाला लागला. १९६२ मध्ये त्याला 'टिफरॅक' हे नाव मिळाले. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते. स्मृती होती ४० बिटांच्या शब्दांची, आणि तीही जेमतेम काही किलोबाइट. आपण वाचत आहात तो लेखही तिच्यात मावला नसता.

आता त्या मुलीला काय सांगू?

आज कोष्टकेच काय, निबंधसुद्धा यंत्र क्षणात लिहून देते. एडाचे म्हणणे आता जसेच्या तसे लागू पडत नाही. आजच्या कित्येक प्रणालींना माणूस पायरीपायरीने सूचना देत नाही. त्या माणसांनी लिहिलेल्या प्रचंड मजकुरातून शिकतात, आणि उत्तर मोठ्या आत्मविश्वासाने देतात. पण मजकुरातून शिकणाऱ्याकडे मजकुरातल्या चुकाही येतात. व्लाकच्या सहा चुका चीनपर्यंत गेल्या, तशाच. दोन ठिकाणी एकच उत्तर मिळाले म्हणजे ते दोनदा तपासले गेले, असे नाही.

मग तपासायचे कसे? द प्रोनी आणि बॅबेज यांच्या काळापासून दोन मार्ग चालत आले आहेत. पहिला, उत्तराला अंतर्गत सुसंगतीची कसोटी लावणे. फळ्यावरच्या यादीत ६१ ऐवजी मुद्दाम ६२ लिहा आणि पुन्हा फरक काढायला सांगा. पहिले फरक येतील २, ४, ६, ९, ९, १२. दुसरे येतील २, २, ३, ०, ३. एका अंकाची चूक तिसऱ्या ओळीत लगेच बोंब मारते, आणि कुठे आहे तेही सांगते. मोठ्या कोष्टकांतल्या चुका अशाच पकडल्या जात.

दुसरा मार्ग, उत्तराकडे वेगळ्या वाटेने जाणे. लॉग २ आणि लॉग ५ यांची बेरीज १ यायला हवी. टेबलात ०.३०१० आणि ०.६९९० आहेत. जुळले. आता लॉग २ आणि लॉग ३ घ्या. ०.३०१० आणि ०.४७७१ यांची बेरीज ०.७७८१. पण टेबलात लॉग ६ पुढे ०.७७८२ आहे! पुस्तक चुकले का? वर्गाला भांडू द्या, लगेच उत्तर सांगू नका. पाच स्थळे घेतली की कळते: ०.३०१०३ अधिक ०.४७७१२ म्हणजे ०.७७८१५, आणि चार स्थळांपर्यंत ते ०.७७८२ होते. चूक कोणाचीच नाही. दोन आकडे आधी छाटून मग मिळवल्यामुळे शेवटच्या अंकाचा फरक पडला. पुस्तकावर शंका घेणे, ती तपासणे आणि पुस्तक बरोबर आहे असे स्वतः ठरवणे, हे तिन्ही एकाच तासात होते.

बेरजा करण्याचे काम यंत्राने घेतले याचे वाईट वाटण्याचे कारण नाही. ते कष्टाचे आणि कंटाळ्याचे काम होते. मात्र द प्रोनीच्या व्यवस्थेत आणखी एक काम होते, परत आलेला कागद आपल्याजवळच्या किमतीशी ताडून पाहण्याचे. ते मधल्या थराकडे होते. आपले विद्यार्थी यंत्राच्या खालच्या थरात बसणार की मधल्या, याचा निकाल बऱ्याच अंशी आपल्या वर्गांतच लागतो.

ती मुलगी आज पुन्हा तोच प्रश्न घेऊन आली, तर आम्ही तिला छापील पुस्तकाचा हवाला देणार नाही. तिच्या हातात खडू देऊ आणि म्हणू, "ये, फरक काढून पाहू."